सडणाऱ्या मालाचे गणित

गणिताचे नाव काढताच आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु कांद्याच्या चाळीलाही गणित असते, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी त्याकडे पाठ फिरवू नये, असे मला वाटते.

एका वेळी किती माल मागवावा, याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. माल टिकतो व मागणी स्थिर राहते, हे त्यात गृहीत होते. १९६३ साली घारे आणि श्रेडर यांनी नासाडी हिशेबात घेतली. साठा विक्रीने घटतो तसा सडण्यानेही घटतो, आणि साठा जितका मोठा तितकी नासाडी अधिक. पुढे १९७७ मध्ये डोनाल्डसन यांनी काळानुसार बदलती मागणी सूत्रात आणली.

आता नाशिककडे पाहू. तेथला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो व पावसाळाभर चाळीत राहतो. वजन घटते, कोंब फुटतात, सड लागते. तो केव्हा विकावा, हे सूत्राने काढता येईल. मात्र मालक थांबू शकतो, हे तेथे गृहीतच असते! सोसायटीचे कर्ज आणि खताची उधारी डोक्यावर असलेला शेतकरी थांबणार कसा? तो पडत्या भावात विकतो, आणि पुढे भाव चढलाच तर लाभ साठवणाऱ्याच्या पदरी पडतो.

सूत्रात नासाडीचा दर आहे, निकडीचा नाही. ही उणीव दाखवणे अर्थशास्त्राचे काम होय. त्यासाठी आधी सूत्र समजून घेतले पाहिजे.