बाळंतिणीला कुणी विचारले?

बाळंतिणीची निगा कशी राखावी हे आम्हां मराठी माणसांना कुणी शिकवू नये, असे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. ते बरेचसे खरेही आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावणारी बाई, शेक-शेगडी, ओव्याची धुरी, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल! सव्वा महिना सारे घर राबत असते. पाचवी-सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाईची वाट पाहतात. बाळाच्या कपाळी ती काय लिहिते याची साऱ्यांना काळजी. आईच्या मनात त्या रात्री काय चालले आहे, हे पुसायला मात्र ना देवी येत, ना माणसे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाच्या बारशाला मी गेले होते. बाहेर बायकांची गर्दी, घुगऱ्यांचा घमघमाट. आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला म्हणाली, "बाई, बाळ झोपले तरी मला झोप येत नाही. हे माझे आहे असेच वाटत नाही." तेवढ्यात तिच्या आईने मला बाजूला ओढले. "सोन्यासारखा मुलगा झाला, सासर चांगले, आणि हिची ही थेरे पाहा!" आणि मी? कादंबऱ्यांतून स्त्रीचे अंतःकरण उलगडून दाखवणारी मी "होईल हो सगळे ठीक" म्हणाले आणि घुगऱ्या खाऊन घरी आले. चार महिन्यांनी नवऱ्याने तिला डॉक्टरांकडे नेले. पुढे ती बरी झाली. पण ते चार महिने तिला कोण परत देणार?

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाचच डोळे भरून येणे बहुतेकींच्या वाट्याला येते आणि पंधरा दिवसांत ओसरते. त्यानंतरही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, आपण आई म्हणून नालायक आहोत असेच सतत वाटत असेल, तर ती थेरे नव्हेत. तो आजार आहे, आणि त्याला उपाय आहे: बोलून, लागल्यास औषधानेही. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधे डॉक्टरांपाशी आहेत.

"आमच्या वेळी नव्हते बाई असले काही! ही साहेबांची दुखणी," असे म्हणणाऱ्या आजीबाईंना मी शेजारच्या गोव्यात नेते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातांची पाहणी करून २००२ साली ती प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलेल्या २५२ जणींपैकी ५९ जणींना हा आजार होता, म्हणजे चौघींत जवळजवळ एक! त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. कुठे गेले मग आपले 'होईल ठीक'? घरातली गरिबी, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही कारणे त्या पाहणीत पुढे आली. ही का साहेबांची दुखणी?

हे ओळखायला यंत्र लागत नाही. १९८७ साली एडिंबरोच्या मंडळींनी दहा प्रश्नांचा एक साधा कागद तयार केला. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण भीती वाटली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे ते प्रश्न. आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत सहा खेपा घालतात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच खेपांत प्रत्येक घरी हा कागदही निघाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. (आशाताईंना त्याचा मोबदलाही मिळाला पाहिजे, हे ओघाने आलेच.)

जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, किंवा भलतेसलते दिसू-ऐकू येऊ लागले, तर अंगारा आणायला धावू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. काय करावे ते सुचत नसेल तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक फिरवा. मूल काढून घेतील या धास्तीने कित्येकजणी तोंड उघडत नाहीत; पण २०१७ च्या कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा तोडता येत नाही.

आणि नवरेमंडळी, रात्री एकदा बाळ तुम्ही सांभाळा. तिला सलग चार तास झोपू द्या. लाडू खाऊन ही झोप भरून निघत नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीला आता पुन्हा दिवस गेले आहेत. तिच्या आईने डिंक आतापासूनच आणून ठेवला आहे. भाऊबिजेला मी त्यांच्याकडे जाणार आहे, दहा प्रश्नांचा कागद घेऊन. त्या माउलीला राग येईल. येऊ दे.