गुणपत्रिकेवरील सही

तिरंदाजीच्या सामन्यांत बक्षीस नेमबाजीस मिळतें, असा सर्वांचा समज आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे. बाण लक्ष्यांत रुततो आणि थोड्या वेळानें उपटलाही जातो. मागें राहतो तो केवळ कागदावर लिहिलेला आंकडा. तो आंकडा चुकला तर उत्तम नेमही व्यर्थ, आणि तो खोटा असला तर बक्षीसही खोटें. म्हणून गुणपत्रिका बिनचूक भरणें हें एक कारकुनी काम नसून तिरंदाजीचेंच अंग आहे, असें आम्ही मानतों. गेल्या हिंवाळ्यांतील एका प्रसंगामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचा एक विद्यार्थी एका आंतरशालेय सामन्यांत तिसरा आला. पत्रिका पंचांच्या हातीं गेल्या होत्या व मुलें परत निघण्याच्या तयारींत होतीं. इतक्यांत त्यानें आपल्या वहींत उतरून घेतलेले आंकडे पुन्हां मिळवून पाहिले, तों हातचा एक दोनदां धरला गेल्यामुळें बेरजेंत दहा गुण अधिक आल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. तो तडक पंचांकडे गेला व चूक दाखवून आला. बेरीज दुरुस्त झाली आणि तो पांचव्या क्रमांकावर गेला.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आमच्याकडे आले. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या पोरानें कांहीं चोरी केली नव्हती. बेरीज दुसऱ्या मुलानें केली, पत्रिका पंचांनीं घेतली. मग यानें आपण होऊन आपलें पदक कां घालवावें?" प्रश्न बापाच्या मायेचा होता, आणि त्यास आम्हीं त्या वेळीं समाधानकारक उत्तर देऊं शकलों नाहीं. तें आज देण्याचा यत्न करितों.

प्रथम पत्रिका भरण्याची रीत पाहूं. बाण मारून झाल्यावर सर्व स्पर्धक लक्ष्यापाशीं जातात. ज्याचे बाण त्यानेंच गुण उच्चारावयाचे, तेही मोठ्या आंकड्यापासून लहानाकडे. गुणलेखकानें ते त्याच क्रमानें लिहावयाचे. आणि त्या लक्ष्यावरील इतरांनीं प्रत्येक आंकडा डोळ्यांनीं पडताळून पाहावयाचा. बाण दोन वर्तुळांमधील रेषेस नुसता स्पर्श करीत असला तरी वरचा गुण मिळतो. मतभेद झाल्यास पंचांस बोलवावयाचें व त्यांचा निर्णय मानावयाचा. अगदीं मधल्या लहान वर्तुळांतील बाणासाठीं 'एक्स्' लिहितात व त्याचे दहाच गुण धरतात. चुकलेल्या बाणासाठीं 'एम्' लिहितात. दहांची आणि 'एक्स्'ची संख्या निराळी मांडावी लागते, कारण गुण समान झाल्यास कित्येकदां तीच क्रम ठरविते.

या रीतींत सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, सर्व आंकडे लिहून होईपर्यंत बाणास किंवा लक्ष्यास कोणीं हात लावूं नये. आंकडा चुकला असल्यास बाण उपटण्यापूर्वीं तो सर्वांच्या संमतीनें दुरुस्त करतां येतो, व त्या दुरुस्तीजवळ सर्वांनीं आपलीं आद्याक्षरें घालावयाचीं असतात. बाण हाच साक्षीदार आहे. साक्षीदार उठून गेल्यावर मागाहून वाद घालण्यांत काय अर्थ?

हा धडा आम्ही मुलांस आज मोठ्या आवेशानें शिकवितों. परंतु तो आम्हीं स्वतः फार उशीरां शिकलों, हें कबूल केलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका सामन्यांत आमच्या एका विद्यार्थिनीच्या पत्रिकेवर एका फेरींत नवाच्या जागीं सात लिहिला गेला. तिला शंका आली होती व तिनें आमच्याकडे पाहिलेंही. संध्याकाळ होत आली होती आणि गाडी चुकण्याची आम्हांस धास्ती होती, आम्हीं दुरूनच म्हणालों, "चल, आटप लवकर!" तिनें बाण उपटले, आणि शेवटीं न वाचतांच सही केली. एका गुणानें तिचें पदक हुकलें. पंचांनीं नियमाप्रमाणें केलें. दोष आमच्या घाईचा होता. ती मुलगी आम्हांस एका शब्दानेंही बोलली नाहीं, हेंच अधिक बोंचतें.

न वाचतां केलेली सही काय करूं शकते, याचें जगप्रसिद्ध उदाहरण गोल्फच्या खेळांत घडलें आहे. तेथेंही गुण सोबतचा खेळाडू लिहितो व ज्याचे त्यानें ते तपासून सही करावयाची असते. १९६८ सालीं अमेरिकेंतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेंत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेंझो यानें सतरावा खळगा तीन फटक्यांत पुरा केला. सोबत्यानें नजरचुकीनें चार लिहिले. दे विसेंझोनें पत्रिका न पाहतां सही केली. गोल्फमध्यें फटके जितके कमी तितकें चांगलें. त्याचा खरा आंकडा ६५ होता, व त्या आंकड्यानें तो बॉब गोल्बीच्या बरोबरीस आला असता. सही ६६ वर झाली होती म्हणून ६६ च कायम राहिले. एका फटक्यानें त्याचें अजिंक्यपद गेलें. हजारों लोकांनीं तो फटका पाहिला होता. तरी सहीपुढें त्या सर्वांचें पाहणें निष्फळ ठरलें.

कोणी म्हणतील, इतका कठोरपणा कशासाठीं? एका गुणानें असें काय बिघडतें? त्यांनीं २०२३ सालची बर्लिनची जागतिक स्पर्धा आठवावी. कंपाउंड धनुष्याच्या अंतिम सामन्यांत नागपूरच्या ओजस देवतळे यानें १५० पैकीं १५० गुण मिळविले. त्याच्या पोलिश प्रतिस्पर्ध्याचे गुण १४९ होते. जगज्जेता आणि उपविजेता यांमधील अंतर तें एवढेंच. आतां मोठ्या स्पर्धांतून गुण टिपण्यासाठीं यंत्रेंही वापरतात. यंत्र बेरीज चुकत नाहीं हें खरें. पण बाण रेषेस लागला कीं नाहीं हें पाहून खरा आंकडा त्यांत घालणारा माणूसच असतो.

आमच्या मुलांमध्यें आणखी एक गैरसमज दिसतो. मित्राचा आंकडा तपासणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें, असें त्यांस वाटतें. म्हणून ते मान फिरवून उभे राहतात. हा संकोच आम्हांस मान्य नाहीं. मित्राचा नऊ दहा लिहिला जात असतां गप्प राहणें हें जितकें वाईट, तितकेंच त्याचा दहा नऊ लिहिला जात असतां गप्प राहणें वाईट. जो दोन्ही वेळीं बोलतो तोच खरा मित्र.

शिक्षकांनीं व पालकांनीं मुलांच्या पत्रिका स्वतः भरून देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. सरावाच्या दिवसापासून मुलांस एकमेकांच्या पत्रिका लिहूं द्याव्या, बेरीज दोनदां, एकदां वरून खालीं व एकदां खालून वर, करावयास लावावी, आणि सही करण्यापूर्वीं पत्रिका वाचण्यास पुरेसा वेळ द्यावा. गाडी चुकली तर दुसरी मिळते.

आतां त्या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर. आपल्या मुलानें पदक घालविलें नाहीं, कारण तें त्याचें नव्हतेंच. तें चौथ्या ठरविलेल्या मुलाचें होतें. तो मुलगा त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोंकास आपलें धनुष्य पिशवींत भरीत होता आणि आपलें कांहीं हरवलें आहे याची त्यास कल्पनाही नव्हती. पत्रिकेंत चुकून वाढलेला गुण आकाशांतून पडत नाहीं. तो कोणा न पाहिलेल्या मुलाच्या हातून काढलेला असतो. बेरीज दुसऱ्यानें केली हें खरें, परंतु खालीं सही आपल्या मुलाची होती, आणि ती खोटी ठरूं नये एवढेंच त्यानें पाहिलें. त्या दिवशीं तो पदकावांचून घरीं आला. तरी आमच्या शाळेनें त्या सामन्यांतून जें आणलें, त्यांत त्या दुरुस्त केलेल्या पत्रिकेहून मोलाचें आम्हांस कांहीं दिसत नाहीं.