कुरकुरणारी डिस्क आणि गप्प संस्था

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. त्यांपैकी एक खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, कामासाठी आला, तर एक कोलकात्याच्या एस. एन. बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात बसला. देशाने अभिमान बाळगावा अशीच ही घटना होती, आणि तो बाळगलाही गेला. एक प्रश्न मात्र त्या गजरात कोणी विचारला नाही: देशातल्या प्रयोगशाळांमध्ये जी गणिते आणि जी मापने होतात, त्यांचे निकाल पाच वर्षांनी कुठे सापडतील?

उत्तर बहुधा संशोधक विद्यार्थ्याच्या मेजाखाली असते. तिथे धुळीने माखलेल्या संगणकात साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरत असते. तिची वॉरंटी केव्हाच संपलेली असते आणि एका सकाळी ती टकटक वाजू लागते. विद्यार्थी घाबरून मार्गदर्शकाकडे जातो, मार्गदर्शक खरेदी विभागाकडे बोट दाखवतो, आणि खरेदी विभाग सांगतो की वस्तू अजून चालू आहे, तेव्हा ती मोडीत काढता येत नाही. ‘चालतेय तोवर चालू द्या’ हे या साखळीचे ब्रीदवाक्य आहे. काटकसरीचा आव आणणारे हे वाक्य प्रत्यक्षात भारतीय विज्ञानाला फार महाग पडते.

आधी त्या आवाजाचे भौतिकशास्त्र पाहावे. हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात. त्यांच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक असतो. वाचणारे आणि लिहिणारे हेड या वेगवान पृष्ठभागावर हवेच्या पातळ थरावर तरंगते. मधले अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करावेत, तर त्यातल्या एका भागाहूनही ते कमी भरेल. हेडला आपण कोणत्या मार्गिकेवर आहोत हे कळावे म्हणून तबकडीवर चुंबकीय खुणा नोंदवलेल्या असतात. त्या वाचता आल्या नाहीत की हेड माघारी येते आणि पुन्हा प्रयत्न करते. ठरावीक लयीत ऐकू येणारी टकटक बहुतेकदा याच फसलेल्या प्रयत्नांची असते. सततची वाढती घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. खरवडल्यासारखा आवाज सर्वांत वाईट, कारण हेड तबकडीला घासत असण्याचा संभव तिथे असतो आणि मग प्रत्येक फेरीबरोबर नोंदी कायमच्या नष्ट होत जातात. काही आवाज निरुपद्रवीही असतात: पंख्याची कुरकुर, किंवा विश्रांतीच्या जागी जाताना हेडने केलेला हलका खटका. पण कालपर्यंत न ऐकलेला आवाज आज येत असेल, तर तो डिस्कने दिलेला इशारा समजावा. हा इशाराही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी आरोग्य-अहवालातल्या चार सर्वांत महत्त्वाच्या निर्देशकांपैकी एकाही निर्देशकात आगाऊ चिन्ह दाखवले नव्हते. उलट, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे चिन्ह दिसले तर उशीर करू नये, आणि चिन्ह दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आता वॉरंटीकडे वळावे. वॉरंटीची तारीख उलटली की डिस्क धोक्यात येते, त्याआधी ती सुरक्षित असते, असा एक भोळा समज आहे. ती तारीख भौतिकशास्त्राने ठरत नाही. २०११ साली थायलंडमधील महापुराने डिस्कांचे उत्पादन कोलमडले. त्या वर्षाच्या अखेरीस सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी अनेक डिस्कांवरील वॉरंटी कमी केल्याचे जाहीर केले. काही प्रकारांवर ती एका वर्षावर आली. तबकड्या आणि बेअरिंगे यांच्या आयुष्याला त्या घोषणेने काही झाले नव्हते, बदलला होता तो कंपनीचा हिशेब. आणि वॉरंटी चालू असली तरी ती देते काय? बिघडलेल्या डिस्कच्या बदल्यात दुसरी, कोरी डिस्क. विद्यार्थ्याची चार वर्षांची मापने परत करण्याचे वचन कोणत्याही सर्वसाधारण वॉरंटीत नसते. डबा कंपनीचा, आतला ऐवज ज्याचा त्याचा, असा तो करार आहे. तेव्हा ‘वॉरंटी संपली, आता काय करायचे’ हा प्रश्नच उशिरा विचारलेला आहे. विदेची, म्हणजे डेटाची, हमी डिस्क विकत घेतली त्या दिवशीही नव्हती.

उत्पादकांची माहितीपत्रके वेगळे चित्र रंगवतात. बिघाडापर्यंतचा सरासरी काळ दहा लाख तास असे त्यांत छापलेले असते. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! त्या हिशेबाने वर्षाला एक टक्क्याहूनही कमी डिस्का बिघडायला हव्यात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्येच प्रत्यक्ष वापरातल्या डिस्का मोजल्या. बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे वार्षिक प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. वयाबरोबर ते प्रमाण सतत वाढत जाते, हेही दिसले.

यातला मधला, ३ टक्क्यांचा आकडा घेऊन एक साधे गणित करावे. एका गटात १२ विद्यार्थी, प्रत्येकाची एक डिस्क, पीएच.डी.ची पाच वर्षे. एकूण ६० डिस्क-वर्षे झाली. या काळात एकही डिस्क न बिघडण्याची शक्यता ०.९७ चा साठावा घात, म्हणजे सुमारे १६ टक्के. कोणाची ना कोणाची डिस्क जाण्याची शक्यता ८४ टक्के. जी घटना ८४ टक्के संभवते तिला दुर्दैव म्हणण्याचा अधिकार भौतिकशास्त्राच्या विभागाला तरी नाही. ती ठरल्याप्रमाणे घडणारी गोष्ट आहे, फक्त कोणाच्या मेजाखाली घडेल एवढेच अनिश्चित आहे. आणि ज्याच्या मेजाखाली घडते त्याला वर वाढपी प्रश्न विचारला जातो: ‘बॅकअप का घेतला नाहीस?’

हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारणारी संस्था स्वतः काय करते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जमा होते. शोधगंगा या संग्रहात ती कोणालाही वाचता येते. ही उत्तम व्यवस्था आहे. पण प्रबंध ज्या मापनांवर उभा आहे ती मापने त्याच्याबरोबर जमा करण्याची सक्ती तिथे नाही. निष्कर्ष राष्ट्रीय संग्रहात आणि पुरावा कुरकुरणाऱ्या डिस्कवर, अशी ही विभागणी आहे. तिचा परिणाम काय होतो हे टिमथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी ‘करंट बायॉलॉजी’त दाखवले आहे. २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ शोधनिबंधांची मूळ विदा त्यांनी लेखकांकडे मागितली. निबंधाच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक विदा शिल्लक असण्याचे संभवप्रमाण १७ टक्क्यांनी घटत असल्याचे त्यांना आढळले. ज्या विज्ञानाचा पुरावा इतक्या वेगाने विरतो, त्याची फेरतपासणी कोण आणि कशी करणार?

कोलकात्यात तर हा प्रश्न अधिकच बोचतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला तो याच शहरात, बऊबाजार स्ट्रीटवरच्या २१० क्रमांकाच्या इमारतीत. त्या प्रकाशाचे वर्णपट काचेच्या छायाचित्र-पट्टिकांवर नोंदले गेले. त्यांची छायाचित्रे त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापली गेली आणि ती आजही पाहता येतात. १९५६ मध्ये देशातला पहिला अंकीय संगणक याच शहरात, महालनोबीसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत कार्यरत झाला. त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती, आणि त्याच वर्षी आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. फिरत्या चुंबकीय पृष्ठभागावर विसंबणे म्हणजे काय, याचा देशातला सर्वांत जुना अनुभव ज्या शहराकडे आहे, त्या शहरात आजचा संशोधक बिघडलेली डिस्क पिशवीत घालून चांदणी चौकाच्या बाजारात दुकानांचे उंबरे झिजवतो. जुना बऊबाजार रस्ता तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. चांदणी चौकातल्या कारागिरांच्या हाती कसब आहे, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो देशाच्या पैशाने झालेल्या संशोधनाचे भवितव्य शेवटी त्यांच्या कसबावर सोडणाऱ्या व्यवस्थेचा.

ही व्यवस्था बदलता येत नाही, असे कोणी म्हणू नये. कोलकात्यातच, व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये, सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगासाठीचे टिअर-२ संगणन केंद्र आहे. ॲलिसच्या मूळ विदेची एक प्रत जिनिव्हाजवळ सर्नमध्ये राहते आणि दुसरी वेगवेगळ्या देशांतील टिअर-१ केंद्रांत विभागून ठेवली जाते. जीएमआरटीच्या निरीक्षणांचाही संग्रह राखला जातो आणि ठरावीक मुदतीनंतर ती निरीक्षणे सर्वांना खुली होतात. म्हणजे भारतीय संशोधकांना विदा जपता येते. आंतरराष्ट्रीय करार असला, वेधशाळेचे नाव पणाला लागले, की ती जपली जाते. एकट्या विद्यार्थ्याच्या मापनांमागे मात्र असा कोणी उभा नसतो.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला पैशाचा आणि नियमांचा. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले आणि कोटेशनाविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर नेली. काही हजारांत मिळणाऱ्या डिस्कसाठी नियमांची सबब आता पुढे करता येणार नाही. दुसरा आक्षेप क्लाउडचा: विद्यार्थ्यांनी आपापल्या खात्यावर विदा चढवावी. खाजगी खाते विद्यार्थ्याबरोबर संस्थेबाहेर जाते, आणि संस्थेने दिलेले खाते तो गेला की बंद होते. दोन्ही मार्गांनी प्रयोगशाळेच्या हाती काही उरत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत आधुनिक वाटतो: एसएसडी घ्या, आवाजच येणार नाही. बरोबर आहे. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती आवाज करत नाही, आणि जाताना अनेकदा कसलीही चाहूल न देता जाते. रुग्णाचे कण्हणे थांबले म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे.

ज्यांची डिस्क आजच वाजते आहे, त्यांनी धोरण बदलण्याची वाट पाहू नये. आवाज पंख्याचा नाही याची खात्री होताच त्या डिस्कवर नवे काही लिहिणे थांबवावे. चेक-डिस्क किंवा डीफ्रॅग चालवू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या हेडला ती शेवटची मजुरी ठरते. पुन्हा निर्माण न करता येणाऱ्या मूळ नोंदी, हस्तलिखित आणि स्वतः लिहिलेले प्रोग्राम आधी उतरवावेत. उतरवून घेता येणारी सॉफ्टवेअर आणि लेख मागे राहिले तरी चालतील. वाचनात चुका येत असतील, तर ‘डीडी-रेस्क्यू’सारख्या साधनाने निरोगी भाग आधी आणि खराब भाग शेवटी, या क्रमाने संपूर्ण प्रतिमा घ्यावी. खरवडल्याचा आवाज येत असेल किंवा टकटक थांबतच नसेल, तर वीज तत्काळ बंद करावी आणि तज्ज्ञाकडे जावे. डिस्क घरी उघडू नये. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर कोलकात्यात मुळीच करू नये. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे गारठलेली डिस्क बाहेर काढताच तिच्यावर पाणी जमते.

संस्थांकडून मात्र तीन गोष्टी मागितल्याच पाहिजेत. प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात विदा-जतनाचा स्वतंत्र रकाना असावा, आणि तो रिकामा असलेला प्रस्ताव परत पाठवावा. संशोधनाची विदा असलेल्या डिस्का मरेपर्यंत न वापरता वयाच्या ठरलेल्या मर्यादेवर निवृत्त कराव्यात, आणि त्यांची नोंदवही खुर्च्या-टेबलांच्या नोंदवहीइतक्याच गांभीर्याने ठेवावी. आणि मूळ विदेच्या दोन प्रती, समजेल अशा टिपणासह, संस्थेकडे जमा झाल्याचा दाखला नसेल तर प्रबंध स्वीकारू नये. या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत, शक्य तर दोन वेगळ्या शहरांत असाव्यात. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळाने कोलकात्याला झोडपले आणि शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली. एकाच खोलीतल्या दोन डिस्का अशा वेळी एकाच नशिबाच्या असतात.

पुढच्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, संस्थांची दारे उघडतील, भाषणे होतील आणि रामन यांच्या प्रतिमेला हार घातले जातील. त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संचालकांना एवढेच विचारावे: या संस्थेतल्या मापनांची दुसरी प्रत कोणत्या इमारतीत आहे, आणि ती उघडते की नाही हे शेवटचे कोणी व कधी तपासले?