गल्ला आणि नफा

व्यापारी घरातील मूल पाय फुटताच दुकानात येते. तथापि त्याला दिसतो तो गल्ला, नफा नव्हे. रात्री मोजलेल्या नोटा म्हणजेच वडिलांची कमाई, अशी त्याची समजूत होते. मालाची खरेदी, भाडे, पगार, थकलेली उधारी हे सारे त्यातूनच वजा व्हायचे असते, हे त्यास कोणी सांगत नाही. अलीकडे तर नोटाही दिसेनाशा झाल्या; मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलास दिवाळीपूर्वी २०० रुपये द्यावेत. बक्षीस म्हणून नव्हे, उसने. घाऊक बाजारातून ४ रुपयांप्रमाणे ५० पणत्या त्याने आणाव्यात व भाव स्वतःच ठरवावा. १० रुपये सांगताच गिऱ्हाईक पुढे सरकते, कारण शेजारचा ७ रुपयांना देतो. भाव केवळ आपल्या इच्छेने ठरत नाही, हे तेथे उमगते. भाऊबीज उलटली की तीच पणती २ रुपयांनाही कोणी घेत नाही. (माती तीच, कुंभाराचे श्रमही तेच!)

उरलेल्या पणत्या आजीने कौतुकापोटी विकत घेऊ नयेत. सारा धडा तेथेच वाया जातो. नफा असो वा तोटा, तो त्याच्याच हाताने वहीत लिहिला जावा आणि उसने २०० रुपये न विसरता परत घ्यावेत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बचत खाते स्वतंत्रपणे चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. काही उरलेच तर ते तेथे त्यानेच भरावे. भरणा स्लिपही त्यानेच लिहावी.