मोडीत कोणी काढायचे?

"सर, ह्याच्यात आता काही राम राहिला नाही," असे म्हणून दुकानदाराने माझ्या संगणकाच्या पत्र्यावर दोन बोटे वाजवली. फणस पिकला की नाही हे पाहताना वाजवतात ना, तशी. मग निकाल दिला, "मोडीचे दीड हजार देतो. नवा घ्या, अठ्ठेचाळीस हजारांत बसवून देतो." २०२५ च्या आषाढातली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची ही गोष्ट. पुतण्या बरोबर होता. तोही म्हणाला, "काका, अकरा वर्षं झाली की. अजून किती ओढणार?" मी काही बोललो नाही. यंत्र प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळले, टॅक्सीत घातले आणि भर पावसात दादरला परत आणले.

तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो. माझे भांडण दुकानदाराशी नाही; त्यालाही पोट आहे. पुतण्याशी तर नाहीच. माझे भांडण आहे ते "अकरा वर्षं झाली" ह्या वाक्याशी. यंत्र जुने आहे आणि यंत्र हळू चालते, सबब ते जुने असल्यामुळेच हळू चालते, असे हे तर्कशास्त्र. ह्या न्यायाने माझ्या वयाच्या माणसाला साधा खोकला झाला तरी वैद्याने नाडी न पाहता स्मशानाची वाट दाखवावयास हरकत नाही! आणि मौज अशी की त्या अर्ध्या तासात यंत्राचे झाकण कोणीही उघडले नाही. स्क्रू दोनच होते.

यंत्र कोणते ते सांगतो. २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप. इंटेलचा आय-फाइव्ह ४४६० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि १ टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क. सकाळी कळ दाबून मी अंघोळीला जाई आणि परत येई, तरी पडद्यावरचे टिंबांचे कडे गरगरतच असे. एखादी फाइल उघडावयास सांगून मी चहा टाकीत असे. ह्या साऱ्याला मीसुद्धा दोन वर्षे 'म्हातारपण' असेच म्हणत होतो, तेव्हा पुतण्याच्या वाक्याशी भांडण्याचा अधिकार मला तसा उशिराच आला.

घरी येऊन एक साधी गोष्ट केली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता भाग किती राबतो ह्याचा तो हजेरीपट. नेहमीची कामे चालू ठेवून मी त्याच्यासमोर बसून राहिलो. प्रोसेसर ७ टक्के. रॅम ९२ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि ती शंभरावरून खाली उतरावयास तयारच नाही. ज्याच्या नावाने सगळे बोटे मोडीत होते तो प्रोसेसर हाताची घडी घालून बसला होता. काम अडले होते दुसऱ्याच दारात.

असे का व्हावे? ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो मजकूर वाचणाऱ्या डोक्याखाली यावयास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. आणि त्याआधी ते डोके योग्य वर्तुळावर सरकावयास आठ-नऊ. इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे वेचावयाचे झाले तर सेकंदाला पाऊणशे-ऐंशी तुकडे वेचून होतात, त्याहून अधिक नाही. आणि सकाळी विंडोज उठते तेव्हा तिला असे हजारो तुकडे हवे असतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तेथे एकेक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहूनही लवकर हाती येतो. त्यात रॅम अपुरी. ती भरली की विंडोज आपला जास्तीचा पसारा डिस्कवरच नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा आणते. आधीच धापा टाकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे. अशा स्थितीत मी नवा प्रोसेसर बसवला असता तर तो अधिक चपळाईने वाट पाहत बसला असता, एवढेच.

माझे लहानपण कृष्णाकाठी गेले. मळ्यात मोट होती. नाडा झिजला की नाडा बदलत, चाकाचा कणा करकरू लागला की त्याला वंगण घालत. नाडा तुटला म्हणून कोणी बैल बाजारात नेलेले मी पाहिले नाहीत. हे मी हळवेपणाने लिहीत नाही. पुढे इंजिन आले आणि मोट गेली, ती योग्यच गेली. धावेवर उलटे चालणाऱ्या बैलांनाच विचारा. पण ती गेली ती अधिक पाणी उपसणारे काही आले म्हणून. माझ्या यंत्राच्या बाबतीत पाणी कोठे अडते आहे हे पाहण्याचीच कोणाला गरज वाटली नव्हती.

आता दुसऱ्या टोकाचा एक उत्साही पंथ आहे, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. ही मंडळी यंत्र फेकू नका म्हणतात, आणि मग त्यात जे जे म्हणून बसेल ते ते बसवा म्हणतात. एकाने मला सेकंदाला सात हजार मेगाबाइट वाचणारी एनव्हीएमई डिस्क सुचवली. माझ्या मदरबोर्डावर तिला बसावयास जागाच नाही. तेथे आहे ती साटाची वायर, तिच्यातून प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपासच जातात, आणि लेख, कोश, पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाला ते भरपूर आहेत. ग्राफिक्स कार्डाबद्दल तर बोलूच नये. ज्यांना खेळ खेळावयाचे असतील त्यांनी ते खुशाल घ्यावे.

प्रोसेसरची गोष्ट मात्र नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण खिसा कापला जातो तो येथेच. माझ्या मदरबोर्डाच्या खाचेत त्याच पिढीचा आय-सेव्हन ४७९० बसला असता. चारच गाभे, मात्र प्रत्येक गाभा दोन धागे हाकणारा. पण आहे तोच सात टक्के राबत असताना दुसरा आणून काय करावयाचे? आणि नव्या पिढीचा हवा म्हटले तर खाच वेगळी, म्हणून मदरबोर्ड नवा. मदरबोर्ड नवा म्हणून रॅमही नवी, कारण डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या फटीत शिरतच नाही. 'फक्त प्रोसेसर बदलू' म्हणून निघालेला माणूस अखेर जुन्या पत्र्यात नवा संगणक घेऊन घरी येतो. ज्याचा प्रोसेसर दिवसभर शंभर टक्क्यांवर असतो, चलच्चित्रे कापणे हा ज्याचा धंदा आहे, त्याने दुकानदाराचे ऐकावे आणि नवे यंत्र घ्यावे. मी त्याच्या आड येणार नाही.

मी काय केले? ५०० जीबीची एसएसडी ३२०० रुपयांना. एच-८१ ला रॅमच्या दोनच फटी, आणि १६ जीबीची मर्यादा. म्हणून आठ-आठच्या दोन वापरलेल्या पट्ट्या १४०० रुपयांना. (आधी विंडोज ६४ बिटांची आहे ना हे पाहून घेतले. ३२ बिटांचीला चारच्या पुढे मोजता येत नाही, आणि बारा जीबी वाया घालवून वर रॅमला शिव्या देणारे लोक मी पाहिले आहेत.) त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या रॅमच्या किमती कडाडल्या, कारण कारखान्यांनी आपला मोहरा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला. म्हणजे निदान वेळ तरी मी बरी साधली.

सगळ्यांत कमी बोलले जाते ते एसएमपीएसबद्दल. आपल्याकडे तो पुष्कळदा पेटीबरोबर जवळजवळ फुकट येतो आणि फुकट आल्यासारखाच वागतो. दहा वर्षांत त्याच्या आतले कपॅसिटर वाळतात. असला हलका एसएमपीएस मेला तर एकटा जाईलच असे नाही. मदरबोर्डाला आणि डिस्कलाही सोबत नेऊ शकतो. २६०० रुपयांना चांगला आणला. जुना उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत वाचकांनी पडू नये. वायर काढल्यावरही आत धक्का शिल्लक असतो. राहता राहिली मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की यंत्र तारीख विसरते, आणि तारीख चुकली की बँकेपासून वर्तमानपत्रापर्यंत प्रत्येक संकेतस्थळ सुरक्षेची तक्रार करून दार लावून घेते. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी ह्या एका कारणाने अख्खा संगणक बदलला. बॅटरी, प्रोसेसरवर लावावयाचे मलम आणि धूळ झाडावयाचा कुंचला मिळून २५०. एकंदर ७४५०. आता मला अंघोळ आधी उरकावी लागते.

विरुद्ध पक्षाचा खरा जोरदार मुद्दा अजून राहिला आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. विंडोज ११ ही २०२१ साली आली. तिला टीपीएम २.० हवे, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. आठवी पिढी २०१७ ची. माझा प्रोसेसर चौथीतला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सुरक्षेचे कारण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ज्या प्रणालीच्या दुरुस्त्या थांबल्या तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे हे दार उघडे टाकून झोपण्यासारखे आहे. पण धडधाकट यंत्राचे वय पाहून त्याला मोडीत काढावयाचे आणि त्याला सुरक्षा म्हणावयाचे, हे मला पटत नाही. दीड हजारांना मोडीत घेतलेल्या यंत्राचे पुढे काय होते, असे मी दुकानदाराला विचारले होते. "जातं भंगारात," तो म्हणाला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली. पण भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत ते नियम पोचले आहेत असे त्याच्या उत्तरावरून काही दिसले नाही.

मी नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट घातले. ते फुकट आहे, माझ्या यंत्राला झेपते, आणि त्यात मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळतो. बँक, पत्रे, वाचन सारे तेथे. परंतु माझ्या पहिल्या काही वर्षांच्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या आहेत. त्या लिनक्सवर उघडल्या की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून जुनी विंडोज वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि तिला इंटरनेटची वायर लावली नाही. त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर रोज थोडे थोडे चालू आहे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी जिंकलो. तसे झालेले नाही. ह्या यंत्रात मी बलुतेदारांच्या कामातले शब्द साठवीत आलो आहे. लोहार, सुतार, चांभार, कुंभार ह्यांच्या तोंडून ऐकलेले, कोशांत न सापडणारे. जुन्या डिस्कवरून नवीवर नक्कल करावयास घेतली, ती ६१ टक्क्यांवर अडकली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक फुकटचे साधन आहे. त्याने डिस्कसमोर पिवळा रंग आणि वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा दाखवला. ते साधन मी दोन वर्षांपूर्वीही चालवू शकलो असतो. तेव्हा मी प्रोसेसरच्या वयावर पुतण्याशी वाद घालत होतो. बाकीचे बहुतेक हाती लागले. कुंभारकामाची फाइल लागली नाही. फलटणच्या बाजूच्या एका वृद्ध कुंभाराजवळ २०१६ साली मी तीन दिवस बसलो होतो. चाक, चोपणे, आवा, आवा रचतानाचे थर, भाजताना फुटणाऱ्या मडक्यांची निरनिराळी नावे. २१२ नोंदी. ते गृहस्थ २०२० साली वारले.

प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस ही सारी बाजारात पुन्हा मिळतात. डिस्कही मिळते, तिच्यावरचे मिळत नाही. मग कोणता भाग आधी बदलावा हा प्रश्न मी वेगापासून का सुरू केला? दुकानदाराने झाकण उघडले नाही म्हणून मी त्याला नावे ठेवली. पण त्या नोंदी टंकून झाल्यावर हाताने लिहिलेली वही, आता काय करावयाची म्हणून, मीच रद्दीत घातली होती.

आता प्रत्येक फाइलीच्या दोन नकला ठेवतो. त्यांतली एक फिरत्या डिस्कवर, कारण एसएसडी विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात पडली तर तिच्यातला मजकूर विरू शकतो. तेथे जुनी चालच बरी. दुसरी पुतण्याच्या घरी. कुंभाराच्या सूनबाई अजून आवा लावतात असे कळले आहे. पाऊस संपला की फलटणला जाणार आहे. वही घेतली आहे.