टॉवर आला, पण गळतीचे काय?

उपकेंद्रातल्या मोबाइलवर सिग्नलच्या दांड्या दिसतात, तरी ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांसाठी जोडलेला रुग्णाचा फोटो निम्म्यावरच अडतो. पोंभुर्ण्यासारख्या जंगलपट्ट्यातल्या तालुक्यात हे कुणाला नवे वाटणार नाही. उपाय म्हणून मागणी होते ती आणखी एका टॉवरची. सरकारचा हिशेबही टॉवरचाच असतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या २४,६८० वंचित गावांत ‘फोर-जी’ नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. गाव यादीत आले, की काम झाले!

दुखणे मात्र पुष्कळदा वेगळे असते. इंटरनेटवरचा मजकूर छोट्या-छोट्या पॅकेटांत जातो. झाडीत, त्यातही पावसाने भिजलेल्या पानांतून जाताना रेडिओलहरी क्षीण होतात आणि काही पॅकेट वाटेतच गळतात. ‘टीसीपी’ हा इंटरनेटचा मूळ नियम बेतला गेला तारांच्या जाळ्यासाठी. पॅकेट हरवले म्हणजे पुढे गर्दी आहे, असे समजून तो वेग कमी करतो. रस्ता मोकळा असताना केवळ खड्डा लागला म्हणून गाडी थांबवावी, तसे हे.

यावर ‘नेटवर्क कोडिंग’ हा उतारा आहे. पॅकेट जसेच्या तसे न पाठवता त्यांची मिश्रणे पाठवायची. समजा, ४ आणि ७ हे आकडे पोहोचवायचे आहेत. त्यांची बेरीज ११, पहिल्यात दुसऱ्याची दुप्पट मिळवून १८ आणि तिप्पट मिळवून २५, अशा तीन संख्या पाठवल्या. यातली कोणतीही एक हरवली तरी उरलेल्या दोहोंवरून ४ आणि ७ मिळतात. दहावीतली एकसामयिक समीकरणेच ही! अमुकच पॅकेट पुन्हा पाठवा, असा निरोप धाडत बसावे लागत नाही.

या कल्पनेचा पायाभूत शोधनिबंध २००० सालचा. अमेरिकेतल्या ‘एमआयटी’त म्युरिएल मेदार आणि सहकाऱ्यांनी ती वायरलेसवर आजमावली. सुमारे २ टक्के पॅकेट गळणाऱ्या वाय-फायवर वेग सेकंदाला १ मेगाबिटवरून १६ वर गेल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. प्रयोगातला आकडा जंगलात तसाच मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे. ‘फोर-जी’ टॉवर स्वतःही हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतो. शिवाय टॉवरवर खरोखरच गर्दी असेल, तर जादा मिश्रणांनी ती वाढेलच. आणि सिग्नलच नसेल तिथे गणित काय करणार?

म्हणूनच आधी मोजायला हवे. पोंभुर्णा तालुक्यातल्या चार-सहा उपकेंद्रांत पावसाळाभर किती पॅकेट गळतात, कुठे गळतात, याची नोंद ठेवणे अवघड नाही. जिथे दोष गळतीचा निघेल, तिथे कोडिंग वापरून पाहावे. उपकेंद्रातले यंत्र आणि पलीकडचा सर्व्हर या दोन टोकांना सॉफ्टवेअर बसवले, तरी चाचणी होते. टॉवरला हात लावावा लागत नाही. आयआयटी मुंबईने पालघरच्या खेड्यांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर ब्रॉडबँड चालवून पाहिलेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या तपासण्या आणि सल्ला वर्षानुवर्षे चालतो, आणि दर खेपेला जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. पुढच्या निविदेत किती गावांत टॉवर उभे राहिले याबरोबरच किती टक्के पॅकेट पोहोचले, हा रकाना आरोग्य खात्याने मागून घ्यावा.