पाय कोणाचे, हात कोणाचे?

विजेवर चालणारे पाय चेपण्याचे यंत्र घरात आले की मराठी ललितलेखकाला हटकून गहिवर येतो. पूर्वी घरात माया होती, आता यंत्र आहे, या एका विधानाभोवती दोन-तीन पाने सहज भरतात. काशाची वाटी, खोबरेल, आजीचे खरखरीत हात, कंदिलाचा उजेड ही सामग्री तयारच असते. या गहिवराला माझा आक्षेप आहे, आणि तो केवळ रुचीचा नाही. हे लेखन नेहमी पहुडलेल्या माणसाच्या जागेवरून होते. ज्याचे पाय चेपले गेले त्याने ते लिहिले. चेपणारीने लिहिले असते, तर मायेबरोबर तिच्या झोपेने जड झालेल्या पापण्याही त्यात आल्या असत्या.

पाय चेपणे ही कृती एकच. तिचा अर्थ मात्र करणारा कोण यावरून ठरत आला आहे. शेषशायी विष्णूच्या पायाशी लक्ष्मी बसते. छापील तसबिरींतून आणि दिनदर्शिकांतून हे दृश्य घरोघर पोचले आणि पत्नीधर्माचा नमुना होऊन बसले. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात मात्र दुष्यंत शकुंतलेला विचारतो, तुझे पाय मांडीवर घेऊन चेपू का? राजाने विचारले म्हणून तो शृंगार झाला. त्याला कोणी पतिधर्म म्हटल्याचे ऐकिवात नाही. तिसरे उदाहरण ‘मृच्छकटिका’तल्या संवाहकाचे. अंग चेपणे तो कला म्हणून शिकला आणि पुढे तीच त्याची उपजीविका झाली. जुगारात हरला, देणेकऱ्यांच्या हाती सापडला, वसंतसेनेने आपले कंकण देऊन सोडवला आणि अखेर बौद्ध भिक्षू झाला. शूद्रकाने या कामाला धंद्याचे नाव दिले, माणसाला चरित्र दिले. आपण तेच काम घरात फुकट करून घेतले आणि त्याला माया म्हटले.

हा प्रश्न आता रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोह्याला नेऊन पाहू. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढायची, ती घासायची, रंगवायची. चतुर्थी जवळ येऊ लागली की बैठक लांबत जाते, गुडघे आणि घोटे आखडतात. या कामात बायका आहेतच. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची कामे आहेत. तालुक्यात भातशेती आहे. आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. (त्यांना औषध लागते, यंत्राचा तेथे उपयोग नाही.) ही बाई संध्याकाळी घरी परतली की तिचे पाय कोण चेपत असे? आपल्या साहित्यपरंपरेत याचे ठळक उत्तर एकच आहे: जनाबाईच्या कामाला हात लावायला विठ्ठल स्वतः येतो. त्या अभंगांतल्या भक्तीवर आपण पुष्कळ लिहिले. घरातल्या एखाद्या माणसाने हात लावला असता तर देवाला यावे लागले नसते, हे मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

म्हणून यंत्राचा कैवार. आत एक मोटार, फिरणारे रूळ, काहींत हवेने फुगून पोटरी आवळणाऱ्या पिशव्या. बटण दाबले की सुरू, ठरलेल्या वेळेने बंद. पाय सासूचा की सुनेचा, हे त्याला कळत नाही. सुनेने पाय ठेवले तर तिला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. स्पर्शाची जागा ते घेत नाही, हे मान्य. तापल्या पोराच्या तळव्यांना वाटी घासणारी आई मला ठाऊक आहे. तो स्पर्श तिने आपणहून दिलेला होता. जो हुकमाने किंवा रिवाजाने घेतला जात होता, त्याच्यासाठी गळा काढण्याचे कारण नाही.

यंत्रावर टीका करायचीच असेल तर खरी जागा दुसरी आहे. हल्ली वाटीचेही यंत्र झाले आहे: काशाची थाळी विजेवर गरगर फिरते, तिला तूप किंवा तेल लावून वर तळवे टेकायचे. थोड्या वेळात तळवे काळे पडतात आणि विकणारा सांगतो, बघा, शरीरातली उष्णता बाहेर आली. कासे म्हणजे तांबे आणि कथील. तेलातुपाशी आणि घामाशी घर्षण झाले की तो काळेपणा येणारच. त्याहून वाईट म्हणजे मधुमेह बरा करण्याची आश्वासने. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्या माणसाला यंत्रातली ऊब किती चढली ते कळत नाही आणि भाजल्याचेही भान राहत नाही. पायाच्या शिरेत गुठळी असेल तर पोटरी आवळणे धोक्याचे. वैद्याला विचारल्यावाचून अशा माणसाने यंत्रात पाय घालू नये. यावर ललितलेखकांची लेखणी चालत नाही; त्यात कंदिलाचा उजेड नसतो ना!

आणखी एक गोष्ट. यंत्र बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खुर्चीसमोर मांडलेले असते. त्याचे पाय झाले की थाळीवरचे काळे तूप फडक्याने पुसावे लागते. ते फडके कोणाच्या हातात असते?